कितीची कावीळ?

आमच्याकडं कावीळ मोजायची पद्धत आहे. लॅबच्या काउंटरवर दोन्ही हात टेकून पेशंटचा बाप नाहीतर भाऊ उभा राहतो आणि विचारतो, "कितीची निघाली?" टायफॉईडला असं कुणी विचारत नाही, न्यूमोनियाला तर नाहीच. काविळीला मात्र आकडा लागतो. चारची असली तर पथ्यपाण्यावर भागेल, आठची असली तर माळ घालून आणू, पंधराची असली तर मग दवाखाना बघावा लागंल. पारावरसुद्धा हिशोब असाच चालतो. "आमच्या मेव्हण्याला बाविसाची झालती, तरी उठला," असं एखादा सांगतो आणि ऐकणाऱ्याला धीर येतो.

हा आकडा रक्तातल्या बिलिरुबिनचा. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यातून एक पिवळा रंग निघतो, यकृत तो पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृत आजारी पडलं की रंग रक्तात साठतो. निरोगी माणसाचा आकडा एकाच्या आत-बाहेर असतो. अडीच-तीनच्या पुढं गेला की डोळे पिवळे दिसायला लागतात. पाथर्डी तालुक्यात पंचवीस वर्षांवर रक्त तपासण्यात गेली, त्या जोरावर एवढं सांगतो की तान्ह्या बाळाची गोष्ट सोडली तर या पिवळ्या रंगानं माणूस सहसा मरत नाही. मारतो तो दुसराच आकडा. आणि तो मला आजवर एकाही बापानं आपण होऊन विचारलेला नाही.

त्या दुसऱ्या आकड्याची ओळख मला शाळेत किंवा कॉलेजात झाली नाही. ती झाली उसाच्या फडात, आणि तेव्हा त्याला आकडा म्हणतात हेही ठाऊक नव्हतं.

1985 ची दिवाळी झाली आणि आमची गाडी कारखान्याला निघाली. गर्भगिरीच्या कुशीतली आमची गावं कोरडवाहू. बाजरी निघाली, तूर राखणीला ठेवली की दसरा-दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव उठायचं. आई आणि दादा (वडलांना आम्ही दादा म्हणायचो) हा एक कोयता, तात्या आणि काकी हा दुसरा. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागतं. दोन्ही कोयत्यांची उचल मुकादमाकडून पावसाळ्यातच घेतलेली. तात्याची तर लग्नातच खर्च झालेली.

काकीला आमच्या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. वय वीसच्या आसपास असेल. कुणी लिहून ठेवलं होतं म्हणा! मी दहा वर्षांचा. पाटी घेऊन हिंडायचो म्हणून ती मला 'मास्तर' म्हणायची. वाढ्याची पेंडी बांधावी तर काकीनं, एका पिळ्यात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढायची तेव्हा फळी हलायची पण ती हलायची नाही. त्या हंगामाला निघाली तेव्हा तिला पाचवा महिना होता. आजी म्हणाली होती, हिला ठेवा घरी. पण एका माणसानं कोयता होत नाही.

कोप्या पाटाच्या चारीलगत होत्या. पंचवीस-तीस कोप्या. पाणी त्याच चारीचं. पहाटे बायका चारीच्या वरच्या अंगाला जायच्या, गडी खालच्या अंगाला. बैलं तिथंच, धुणं तिथंच, आणि घागर भरायचं काम माझ्याकडं. पाणी दिसायला नितळ असायचं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर सगळे म्हणायचे, पाणी तर काचेसारखं होतं.

मार्गशीर्षात कोप्यांवर कावीळ आली. आधी एका टायरगाडीवाल्याला, मग त्याच्या भावाला, मग ह्या कोपीत दोन, त्या कोपीत एक. लोक चार-आठ दिवस पडून राहायचे, तोंडाला चव नाही म्हणायचे, उसाचा रस प्यायचे आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फडात दिसायचे. काविळीला उसाचा रस चांगला असं सगळीकडंच म्हणतात, आणि आमच्याकडं दुसरं काही नसलं तरी ऊस होता. म्हणून काकीचे डोळे पिवळे झाले तेव्हा कुणी घाबरलं नाही. आईनं हळद बंद केली, तेल बंद केलं. पिवळ्याला पिवळं चालत नाही म्हणून हळद बंद, हा आमचा वैद्यकीय विचार.

तात्या तिला जवळच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याकडं घेऊन गेला. तो कावीळ उतरवायचा. त्यानं काकीच्या डोक्यावर काड्यांची माळ ठेवली आणि तिचे हात पाण्यात धुतले. पाणी पिवळं झालं. ती माळ दुसऱ्या दिवशी कपाळाच्या खाली सरकली, तिसऱ्या दिवशी गळ्यात आली. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

माळेचं आणि पाण्याचं गुपित आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांत ते करून दाखवतात. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या सैल गाठींत ओवलेले असतात. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सुटत जातात, दोरा लांबतो. कावीळ असो नसो, माळ उतरणारच. आणि हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत धुतले तर निवळी पिवळी होते, मग हात माझे असोत का कलेक्टरचे. पण मला त्या म्हाताऱ्याचा कधी राग आला नाही. तो पैसे घेत नव्हता, एक नारळ घ्यायचा. त्याचा गुण यायचा तो खरंच यायचा. पाण्यातून येणाऱ्या काविळीत शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव लोक आपसूक बरे होतात. शंभरातले अठ्ठ्याण्णव पास करणारा मास्तर जिल्ह्यात सापडायचा नाही! उरलेल्या एक-दोघांचं कुणी त्याला विचारायला जात नाही, कारण ते 'उशिरा आणले' असतात.

काकी त्या एक-दोघांतली निघाली.

पहिली खूण कुणाच्या लक्षात आली नाही, कारण ती मिसरीत लपली होती. आमच्याकडच्या बायका सकाळी मिसरी लावतात, थुंकी काळी-तांबडी पडते. काकीची थुंकी जास्त तांबडी पडत होती. हे आईला नंतर आठवलं आणि पुढं कितीतरी वर्षं ती सांगत राहिली. दुसरी खूण दंडावर. गावातल्या एका डॉक्टरनं ताकदीची सुई दिली होती, त्या जागी बांगडीएवढा निळा डाग पडला आणि रोज थोडा पसरत गेला. मग एका रात्री नाकातून रक्त आलं. कांदा फोडून हुंगवला, थांबलं, पहाटे परत आलं.

त्यानंतर ती दिवसा झोपायला लागली आणि रात्री जागी राहायला लागली. रात्री चूल पेटवायला बसायची. मला ओळखलं नाही एकदा, 'मास्तर' म्हणायच्या ऐवजी भलत्याच नावानं हाक मारली. आईवर ओरडली, तात्याला शिवी दिली. जिनं कधी मान वर करून नवऱ्याशी बोलणं केलं नाही, ती शिवी देते म्हटल्यावर कोप्यांवर एकच बोलणं झालं, बाहेरचं आहे. चारीच्या वरच्या अंगाला एक चिंच होती, तिचं नाव निघालं. त्यात आणखी दोन दिवस गेले.

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानंच शेवटी ट्रॅक्टर दिला. आई, दादा, तात्या तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले. मी कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळायला राहिलो. म्हणून पुढचं सगळं आईच्या तोंडचं आहे.

तिथं एक तरुण डॉक्टर होता. त्यानं काकीचं थोडं रक्त काढलं, काचेच्या नळीत ओतलं आणि ती नळी चिकटपट्टीनं कॉटच्या दांड्याला उभी चिकटवली. म्हणाला, हिला हात लावू नका, मी येतो. साप चावलेल्या माणसाचं असंच करतात, वीस मिनिटांत रक्त गोठायला पाहिजे. आई नळीकडं बघत बसली. वीस मिनिटांनी डॉक्टरनं नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. त्यानं पुन्हा चिकटवली. आई म्हणायची, "दिवस मावळस्तवर ती नळी तिथंच हुती, पण रगत काय बसलं न्हाई." 'बसलं नाही' हा तिचा शब्द, दह्यासारखा.

दादांनी रक्त दिलं, तात्यानं दिलं. रात्री काकीचे दिवस नसताना पोट दुखायला लागलं. मुलगी झाली, मेलेली. त्यानंतर जे रक्त सुरू झालं ते थांबलं नाही. पहाटे ती गेली.

तेरावं गावी केलं आणि चौदाव्या दिवशी तात्या फडात परत आला. अर्धा कोयता. उचल फिटली नाही, पुढच्या हंगामावर गेली. तात्यानं पुन्हा लग्न केलं, मुलं झाली, सगळं झालं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

म्हणायचंय ते वेगळं. त्या वर्षी कोप्यांवर वीस-बावीस जणांना कावीळ झाली, बाकी सगळे उठले. मग हिच्याच बाबतीत असं का? याची उत्तरं आमच्या घरात बरीच वर्षं तयार होत राहिली. ग्रहणात भाजी चिरली होती. चिंचेखालून ओल्या केसांनी गेली होती. चोरून भजी खाल्ली होती, तेलाचं पथ्य मोडलं. हे भज्यांचं तर एका चुलत आजीनं डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगितलं, आणि ती त्या साली कारखान्याला आलीच नव्हती. मेलेल्या बाईनं कुठंतरी काहीतरी चुकलेलं असायलाच हवं, असा सगळ्यांचा आग्रह.

खरं उत्तर मला पुण्यात मिळालं, लॅबचा कोर्स करताना. 1955 च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली होती. यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वझिराबादला जिथून पिण्याचं पाणी उचलत तिथं शिरलं. पाण्यात क्लोरीन वाढवलं, त्यामुळं टायफॉईड काही वाढला नाही, पण दीड महिन्यानं कावीळ उठली. सुमारे 29,000 लोक पिवळे पडले. त्यात गरोदर बायका इतरांपेक्षा जास्त दगावल्या, हे तेव्हाच नोंदलं गेलं. पुढं 1978 मध्ये काश्मीर खोऱ्यात तशीच साथ आली, तिथं डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांना तेच दिसलं, आणि हा माहीत असलेल्या काविळींपेक्षा वेगळा विषाणू असावा असं त्यांनी मांडलं. 1983 मध्ये बालायन नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं रुग्णांच्या विष्ठेतला अर्क स्वतः पोटात घेतला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला पुढं हेपेटायटिस ई नाव पडलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषाणूवर वर्षानुवर्षं काम केलंय.

हा ई इतरांना सौम्य जातो. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीसपर्यंत दगावू शकतात. काकीचं रक्त कुणी ई साठी तपासलं नव्हतं, तेव्हा तशी तपासणीच नव्हती. पण चारीचं पाणी, कोप्यांवरची साथ, सातवा महिना आणि न बसणारं रक्त, एवढं जुळल्यावर मला भजी आणि चिंच दोन्ही सोडून देता आली. सुट्टीत घरी आल्यावर आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंजी तिनं भजी खाल्ली न्हवती." मी म्हणालो, खाल्ली असती तरी काही झालं नसतं.

आता त्या दुसऱ्या आकड्याकडं येतो.

रक्त गोठणं म्हणजे दूध विरजण्यासारखं आहे. दूध कितीही चांगलं असो, विरजण नसलं तर दही लागत नाही. रक्ताची बहुतेक विरजणं यकृत बनवतं. फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन आणि आणखी बरीच, त्यांना नावांऐवजी रोमन आकडे आहेत. यातलं सातव्या नंबरचं विरजण फार नाशवंत, काही तासांतच निम्मं संपतं, रोज नवं लागतं. म्हणून यकृताच्या पेशी विषाणूनं झपाट्यानं मरायला लागल्या की एक-दोन दिवसांत रक्त पातळ पडतं. मग हिरड्या, नाक, सुईची जागा, आणि बाळंतीण असली तर गर्भाशय, जिथं वाट मिळेल तिथून ते बाहेर येतं. त्याच वेळी यकृतानं गाळायची घाण मेंदूकडं जाते. दिवसा झोप, रात्री जाग, शिव्या, ओळख न पटणं, हे 'बाहेरचं' नसतं, आतलंच असतं.

हे मोजायची तपासणी म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम. आम्ही लोक पीटी म्हणतो. निळ्या बुचाच्या नळीत रेघेपर्यंतच रक्त भरायचं, कमी नाही जास्त नाही. मी धंद्याला लागलो तेव्हा मशीन नव्हतं. सदतीस अंशांच्या पाण्यात नळी धरायची, औषध घालायचं, स्टॉपवॉच दाबायचं आणि नळी हलकेच तिरकी करत उजेडात बघत राहायचं. बारा-चौदा सेकंदांत पाण्यात एक जाळं धरतं, पांढरट, कोळ्याच्या जाळ्यासारखं. तिथं घड्याळ थांबवायचं. निरोगी रक्ताशी त्याची तुलना करून जो आकडा निघतो तो आयएनआर, निरोग्याचा एक. जाळं पंचवीस सेकंदांनीही धरलं नाही की माझे कान तापायला लागतात. ही नळी तिरकी करताना मला दरवेळी कॉटला चिकटवलेली ती नळी आठवते असं मी म्हणणार नाही. दिवसाला शंभर कामं असतात. पण कधी कधी आठवते.

विषाणूमुळं यकृत आणि रक्त यांचा असा मेळ बिघडण्याच्या आणखीही वाटा आहेत. डेंग्यूत अगदी क्वचित यकृताच्या आवरणाखालीच रक्त साठतं, उजव्या कुशीत एकदम कळ येते, माणूस पांढराफटक पडतो. सोनोग्राफी केल्याशिवाय ते कळत नाही. इथंही लोक एकच आकडा विचारतात, "पेशी किती राहिल्या?" पेशी वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा रस पाजतात आणि पोटदुखी रसानं झाली असं समजून गप्प बसतात.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या भावकीतला एक पोरगा लॅबमध्ये आला. वीस वर्षांचा, नगरला खोली करून पोलीस भरतीची तयारी करणारा. (नगरचं अहिल्यानगर झालंय, पण एसटीतला कंडक्टर अजून नगरच पुकारतो, मीही तेच लिहितो.) खोलीवरचं पाणी, खाणावळीचं जेवण, आठ दिवस ताप, मग कावीळ. त्याला ई नव्हती, ए होती. ए बहुतेकांना लहानपणीच होऊन जाते आणि कळतही नाही. पण थोडं स्वच्छ पाणी पिऊन वाढलेली पोरं लहानपणी वाचतात आणि विशीत सापडतात, आणि विशीत ती कडक जाते.

बापानं विचारलं, "कितीची?"

"अकराची."

त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं हसू आलं. शेजारच्या वस्तीवर अठराची बरी झालेली. पण पोरगा बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता, आणि सुई काढल्यावर कापूस धरला तरी रक्त ठिबकत राहिलं. मी निळ्या बुचाची नळी घेतली. बेचाळीस सेकंद. पुन्हा लावलं, एकेचाळीस. आयएनआर साडेतीनच्या जवळ. रिपोर्ट छापायच्या आधी डॉक्टरांना फोन केला, आणि तासाभरात पोरगा गाडीत नगरच्या रस्त्याला लागला.

तिथं त्याला के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली. हे के सापडलं कोंबड्यांत. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांना दिसलं की ठरावीक खाद्यावरची पिल्लं रक्त वाहून मरतात, म्हणून गोठण्याच्या डॅनिश-जर्मन शब्दातलं पहिलं अक्षर त्याला दिलं. नुसतं पित्त अडल्यानं रक्त पातळ झालं असेल तर के दिल्यावर दिवसभरात आकडा सुधारतो. पेशीच मेल्या असतील तर सुधारत नाही, कारण विरजण बनवणारा हातच राहिलेला नसतो. पोराचा आकडा दुसऱ्या दिवशी सुधारला नाही. यकृत बदलावं लागलं तर पुण्याला न्यायची तयारी ठेवा, असं डॉक्टर बोलून गेले. बापाची साडेतीन एकर जमीन. त्यानं मला फोनवर जमिनीचा भाव विचारला.

चौथ्या दिवशी रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला. बिलिरुबिन पंधरा, आयएनआर दोन पॉइंट नऊ. सहाव्या दिवशी बिलिरुबिन साडेसतरा, आयएनआर दोन पॉइंट एक. मी खुर्चीतून उठलो, कारण पोरगा सुधारत होता. आणि त्याच वेळी फोन आला की मामा शेवगावकडून जीप घेऊन आलेत, पोराला काढून नेतायत. अकराची होती ती सतराची झाली, इथं ठेवून मारायचंय का?

दुपारची कामं सोडून नगर गाठलं. जिन्याखाली मामा, बाप, चार पाव्हणे, आणि मामांच्या पिशवीत माळ. मामा माझ्यापेक्षा वयानं मोठे. मी म्हणालो, "मामा, रंग म्हणजे राख आहे. आग विझली तरी राख लगेच जात नाही. आग ह्या दुसऱ्या आकड्यात आहे, तो बघा, साडेतीनाचा दोनावर आलाय." त्यांनी कागद लांब धरून बघितला. "मग डॉक्टर हे का सांगत न्हाईत?" हा प्रश्न रास्त होता. सांगतात, पण इंग्रजी आकड्यांत आणि चालता चालता. मी म्हणालो, उद्या सकाळपर्यंत थांबा, दुसरा आकडा आणखी खाली आला नाही तर जीप मीच भरून देतो. थांबले. सकाळी एक पॉइंट आठ आला. बिलिरुबिन अठरा.

बिलिरुबिन पुढं दीड महिना रेंगाळत उतरलं. पोरगा घरी आला, पुढच्या वर्षी भरतीत पळाला, निवड झाली नाही, ती गोष्ट वेगळी. मामांनी त्या रात्री नर्सचा डोळा चुकवून माळ कॉटच्या पायाला बांधली होती, हे मला नंतर कळलं. ते अजूनही पाव्हण्यांत सांगतात, दवाखान्यात नेलं होतं, पण गुण माळेनं आला. मी हसतो. पोरगा कॉटवर राहिला एवढं मला पुरे.

या खुणा शिकवायला अवघड नाहीत. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून अक्षरओळख नसलेल्या बायकांना गावाच्या आरोग्यसेविका केलं, त्यांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोग ओळखला. हिरडीचं रक्त आणि दिवसाची झोप त्यांच्यापुढं काहीच नाही. पण साथ आली की आपल्याकडं फक्त पाण्याचं बोलणं होतं आणि पाणी निवळलं की तेही थांबतं. 2025 च्या उन्हाळ्यात अकोले तालुक्यातल्या राजूरला कावीळ पसरली, घराघरांत रुग्ण निघाले, तेव्हा टाक्या, पाइपलाइन, टीसीएल पावडर हे सगळं पेपरात आलं. ते यायलाच हवं. टीसीएलची चिमूट वेळेवर पडली असती तर आमच्या कोप्यांवरचीही निम्मी कावीळ टळली असती, आणि पाणी उकळून प्यायलो असतो तर जवळजवळ सगळी. पण फडातून आलेल्या बाईनं सरपण चुलीला लावायचं का पाण्याला?

आता ऊसतोडीच्या हंगामात, दिवाळी ते मार्च, गरोदर बाईची कावीळ तपासायला आली की मी तांबड्या बुचाच्या नळीबरोबर निळ्या बुचाचीही भरतो. चिठ्ठीवर लिहिलेली असो वा नसो. एका डॉक्टरांनी एकदा विचारलं, मी पीटी लिहिली नव्हती, बिलात कशी लावली? मी म्हणालो, साहेब, बिल बघा, लावलेली नाही.